एका सेमिस्टरची बॅग: साताऱ्याहून ड्रेस्डेनला जाणाऱ्या मुलीस सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच सांगता येईल. तू साताऱ्याची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. हिवाळी सेमिस्टरसाठी ऑक्टोबर ते मार्च जर्मनीतल्या ड्रेस्डेनला चालली आहेस. तिकीट मुंबई-दुबई-फ्रँकफुर्ट, पुढे रेल्वे. २३ किलोची एक बॅग आणि ८ किलोची हातातली. आईने कुकर, घरच्या म्हशीचं तूप आणि सहा महिन्यांचं पीठ काढून ठेवलंय, आजीला गोधडी द्यायची आहे, आत्या कंदी पेढ्यांचे पाच बॉक्स आणणार आहे, आणि बाबा म्हणतात की जादा बॅगेचे पैसे भरून टाकू, वाद नको. तू विचारतेस, यातलं काय न्यावं?

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचं काम बघते, त्याला आता चौदा वर्षं झाली. जर्मनीला जाणारी मुलं दरवर्षी असतातच. निघण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना भरलेल्या बॅगा घेऊन बोलावते, टेबलावर उघडायला लावते आणि हुकाच्या वजनकाट्याला लटकवून बघते. परत आल्यावर प्रत्येकाला एकच विचारते: कुठली वस्तू एकदाही न वापरता परत आणलीस किंवा तिथे टाकून आलीस? आजवरच्या उत्तरांमधून माझी यादी तयार झाली आहे. दरवर्षी तिच्यातून काहीतरी गळतं, नवीन फार क्वचित येतं.

तुझं पत्र वाचताना मला वाटलं की घरात तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. काही वस्तू तिथे मिळतच नाहीत. काही मिळतात, पण तू पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुकानापर्यंत जाताच येत नाही. आणि उरलेल्या सगळ्या तिथे मिळतात, बहुतेक वेळा इथल्यापेक्षा बऱ्या. पहिल्या दोन प्रकारांतलं घ्यायचं, तिसऱ्यातलं घरी ठेवायचं. आई-बाबांसमोर बसून प्रत्येक वस्तू या तिन्हींपैकी कशात बसते ते ठरवा. माझ्या अनुभवात यावर भांडण होत नाही, कारण मग "तुला घरचं काही नकोच" असं कुणाला वाटत नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुलाच शोधाव्या लागतील. वसतिगृहाच्या खोलीत गादी-उशी-पांघरूण देतात का, स्वयंपाकघर सामायिक आहे की खोलीतच, शेगडी कुठल्या प्रकारची आहे, आणि खोलीची चावी कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत मिळते. वसतिगृहाला साधी ईमेल करून हे चारही प्रश्न आजच विचार.

चावीचा प्रश्न सगळ्यात आधी. तू लिहिलंस की तिकीट शनिवारचं आहे. बऱ्याच वसतिगृहांत चावी देणारा व्यवस्थापक फक्त कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळेतच असतो. फ्रँकफुर्टहून ड्रेस्डेनला रेल्वेने चार-साडेचार तास लागतात, म्हणजे तू शनिवारी संध्याकाळी पोचणार. दार बंद असेल तर दोन रात्री बाहेर काढाव्या लागतील. आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, भांडी, सगळंच. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी असतात. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी असते, ती जवळपास आली तर आणखी एक दिवस गेला. माझी एक विद्यार्थिनी अशीच शनिवारी रात्री पोचली होती. खोली मिळाली, पण पलंगावर नुसती गादी. जीन्स, स्वेटर, जॅकेट सगळं अंगात घालून ती झोपली आणि रविवारचा पूर्ण दिवस विमानात मिळालेल्या बिस्किटांवर काढला. तिच्या बॅगेत तेव्हा चार किलो गव्हाचं पीठ होतं. पण तवा नव्हता, आणि ते पीठ मळायला परातही नव्हती.

म्हणून पहिल्या तीन दिवसांचं सामान मी वेगळं भरायला सांगते. एक बेडशीट, एक हलकं पांघरूण, उशीचा अभ्रा (त्यात स्वेटर कोंबला की उशी होते), एक टॉवेल, घरातल्या स्लिपर, साबणाची वडी, एक स्टीलचा डबा, चमचा, छोटी सुरी. सुरी चेक-इन बॅगेतच ठेवायची. खाण्यात फक्त गरम पाणी लागेल असं काहीतरी: घरी भाजून केलेलं उपम्याचं किंवा दडप्या पोह्यांचं कोरडं मिश्रण, मेतकूट, किंवा गुळाचे शेंगदाण्याचे लाडू. यात तीन दिवस आरामात जातात. जर्मन उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची चौकोनी असते, आपले अभ्रे तिला बसत नाहीत. तेव्हा अभ्र्यांचे जोड नेऊ नकोस, एकच पुरे. उशी, पांघरूण आणि त्यांची खोळ तिथेच घे.

आता आजीच्या गोधडीबद्दल. मी वजनाच्या बाबतीत कडक आहे, तरी गोधडीला सरसकट नाही म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी वाईची एक मुलगी आली होती. तिची गोधडी काट्याला लावली तर पावणेतीन किलो भरली. सोबत आजीही आल्या होत्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं, गोधडीची घडी परत घातली आणि विचारलं, "मॅडम, किती चालंल?" मी म्हटलं, एक किलो. चार दिवसांनी त्यांनी जुन्या नऊवारीचे दोनच पदर धरून, खांद्यावर घेता येईल एवढी लहान गोधडी शिवून पाठवली. टाके तसेच बारीक, कडेला हिरवा काठ. ९०० ग्रॅम. विमानात, रेल्वेत आणि पहिल्या रात्री त्या मुलीने तीच पांघरली. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. अशा वेळी खोलीत घरचं काहीतरी असणं मला गरजेचं वाटतं. तुझ्या आजींना माप सांग. त्यांना वेळ लागेल, म्हणून लवकर सांग.

तूप आणि पेढ्यांबद्दल मात्र माझ्याकडे मधला मार्ग नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, चीज, सगळं त्यात आलं. घरचं असलं, सीलबंद असलं, थोडंसंच असलं तरी नियम तोच. कारण तुमच्या घरी म्हैस आहे म्हणून तुम्हाला लगेच समजेल: लाळ्या-खुरकूत. हा रोग दुधाच्या पदार्थांतूनही पसरू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्ग राज्यात म्हशींच्या एका कळपात तो सापडला. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. किती धावपळ उडाली असेल याची कल्पना जनावरं पाळणाऱ्याला सांगावी लागत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचं दोन किलो तूप विमानतळावर त्याच्यादेखत कचऱ्यात गेलं. दंडापेक्षा त्याला आईला फोनवर काय सांगायचं याचंच जास्त दुःख होतं. बेसनाच्या आणि डिंकाच्या लाडवांतही तूप असतं, म्हणून मी तेही टाळायला सांगते. लोणी तिथे उत्तम मिळतं. बिनमिठाचं लोणी आणून मंद आचेवर कढव, अर्ध्या तासात तूप तयार. आईला हे व्हिडिओ कॉलवर दाखवलंस तर तिला बरं वाटेल.

आत्याच्या पेढ्यांऐवजी शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की ने. तिथल्या प्राध्यापकांना, खोलीशेजारच्या मुलींना द्यायला चांगली, वजनाला हलकी, टिकाऊ. देताना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आवर्जून विचार. तिकडे हा प्रश्न गंभीरपणे घेतात.

फळं-भाज्यांचंही तसंच. ताज्या फळांना, भाज्यांना आणि ताज्या पानांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्या पाचच फळांना त्यातून सूट आहे. म्हणजे परसातला कढीपत्ता ताजा नेऊ नकोस. सावलीत कडकडीत वाळवून, चुरून मसाल्यात मिसळ.

मसाल्यांवर जरा थांबते, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि तुझ्या मार्गात दुबई आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या घरी ती साध्या डब्यात असते, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. नुसती खसखस तर नाहीच, पण गोड्या किंवा कांदा-लसूण मसाल्यात घालत असतील तर तुझ्या वाटणीचा मसाला तिच्याशिवाय कुटून घ्या. विमान फक्त बदलायचं असलं तरी हा धोका पत्करू नकोस. गंमत म्हणजे जर्मनीत खसखस सर्रास मिळते. तिथे तिचे केक करतात. निळसर-काळी असते, पण आमटीला चालते.

दुसरी वस्तू सुकं खोबरं. २०२२ पासून आपल्याकडे विमानतळांवर ते चेक-इन बॅगेत न्यायला बंदी आहे. त्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेण्याची भीती असते. खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेव. भाजून, कुटून मसाल्यात गेलेल्या खोबऱ्याला माझ्या मुलांना आजवर कुणी अडवलेलं नाही. पॉवर बँक बरोबर याच्या उलट: ती फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. लोणचं हातातल्या बॅगेत नको.

लोणच्याची बाटली चेक-इन बॅगेत ठेवायची असेल तर काचेची नको, आणि एवढ्यावर भागत नाही. एकाच्या आईने लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत भरून, फुटू नये म्हणून स्वेटरच्या मधोमध ठेवलं होतं. बरणी फुटली नाही, झाकणातून तेल गेलं. पोचल्यावर बॅग उघडली तेव्हा पांढऱ्या स्वेटरवर, दोन शर्टांवर आणि टॉवेलवर हळदीचा नकाशा उमटला होता. विद्यापीठाच्या पहिल्या दिवशी घालायला त्याच्याकडे प्रवासातलाच शर्ट होता. वरचं तेल निथळून काढ, लोणचं प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या डब्यात भर, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, बाहेरून चिकटपट्टी, मग दोन झिप पिशव्या. आणि ते कपड्यांपासून लांब, बुटांच्या बाजूला ठेव.

आता प्रमाण. एकटीने रोज एकदा स्वयंपाक केला तर सहा महिन्यांना गोडा मसाला २५० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला ४०० ग्रॅम, मेतकूट २५० ग्रॅम, आमसुलं १०० ग्रॅम, हिंगाची एक छोटी डबी पुरते. तुम्ही तिखट खात असाल तर मसाला थोडा वाढव. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची अशी एखादी कोरडी चटणी पाव किलो. झालं. प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते इंग्रजीत लिही. घरगुती पावडरची बिननावाची पिशवी पाहिली की तपासनीस ती उघडायला सांगतो, आणि परत नीट बांधायला तिथे कुणी वेळ देत नाही.

पीठ, तांदूळ, डाळी अजिबात नेऊ नकोस. बासमती तांदूळ, मसूर डाळ, काबुली चणे साध्या जर्मन सुपरमार्केटमध्ये मिळतात. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मोठी पिठाची पाकिटं तुर्की किंवा आशियाई दुकानांत. ड्रेस्डेन पाच लाखांहून मोठ्या वस्तीचं, विद्यापीठाचं शहर आहे, भारतीय किराण्याचं दुकान शोधावं लागेल पण सापडेल. तूरडाळ, पोहे, रवा तिथे थोडे महाग पडतील. पण चार किलो पिठासाठी जादा बॅगेचे जे पैसे बाबा भरणार आहेत, तेवढ्यात तुझा महिन्याचा बराचसा किराणा होईल.

कुकर हा दरवर्षीचा वादाचा विषय. डाळ-भात खाणाऱ्याला तो हवाच, यात आईचं बरोबर आहे. पण अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, आणि काही वसतिगृहांत तशी शेगडी असते. नेलाच तर स्टीलचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा, दोन-तीन लिटरचा ने. तो सगळीकडे चालतो. वजन दोन किलोंच्या आसपास जाईल. त्यात मसाल्याच्या पुड्या भर, म्हणजे जागा फुकट जात नाही. पण त्याआधी तुझ्या विद्यापीठातल्या भारतीय मुलांच्या गटात विचार. आमच्या मुलांनी नेलेला एक कुकर गेली काही वर्षं जर्मनीतच आहे. जाणारा येणाऱ्याला देतो. आम्ही इथून दरवर्षी फक्त नवी रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाठवतो, दोन्ही मिळून मुठीत मावतात. तुझ्याकडे अशी सोय निघाली तर दोन किलो वाचतील. कंपनी आणि लिटर नीट विचारून रिंग घे, जवळच्या मापाची चालत नाही.

फोडणीबद्दल एक सूचना. जर्मन घरांत धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. स्वयंपाक खोलीतच करायचा असेल तर खिडकी उघडून, तेल कमी तापवून फोडणी कर, आणि मिरची सगळ्यात शेवटी टाक. अग्निशमन दल विनाकारण आलं तर त्याचं बिल येऊ शकतं.

कपड्यांकडे वळू. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं की बर्फातलं जाड जॅकेट पुण्यातून घे. मी घेऊ देत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ड्रेस्डेनमध्ये दिवसा साधारण दहा ते पंधरा अंश तापमान असतं. अंगात थर्मल, वर स्वेटर आणि वारा-पाऊस अडवणारं साधं जॅकेट एवढ्यात भागतं. खरी थंडी नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होते. जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, रात्री खाली जातं. तोपर्यंत तू तिथल्या मुली काय घालतात हे पाहिलेलं असेल, जुन्या कपड्यांची दुकानं आणि जुने बाजार माहीत झालेले असतील. तिथे चांगला कोट कमी किमतीत मिळतो. तुझी उंची किंवा माप नेहमीपेक्षा वेगळं असेल, किंवा कुणा नातेवाइकाचा चांगला कोट घरात असेल, तर ने, पण अंगावर घालून ने. बॅगेत नको.

आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट अनुभवाशिवाय पटत नाही. थंडी बाहेर असते, आत वीस अंश असतात. वर्गात, ट्राममध्ये, ग्रंथालयात तू सतत कपडे काढत-घालत राहणार. जाडजूड लोकरीचा एकच स्वेटर घातलास तर वर्गात घामाघूम होशील आणि त्याच घामाने बाहेर गारठशील. पातळ थर घालायचे. थर्मलचे दोन जोड इथूनच घे, स्वस्त पडतात आणि हलके असतात. दोन पातळ स्वेटर, पाच-सहा टॉप, दोन जीन्स, एक रात्रीचा जोड. आतले कपडे आणि मोजे मात्र बारा-बारा जोड, कारण वसतिगृहात कपडे धुण्याच्या मशीनला दर वेळी पैसे पडतात आणि मुलं दोन आठवड्यांनी एकदाच धुतात. आतल्या कपड्यांची मापं तिथे वेगळी असतात, तेव्हा यात काटकसर करू नकोस. दिवाळीला घालायला एक चांगला ड्रेस ने. दिवाळी तुझ्या मुक्कामातच येते, आणि भारतीय मुलं ती एकत्र साजरी करतात. साडी नेसायची असेल तर सुती नको, सिंथेटिक ने. तिथे इस्त्री शोधत बसावं लागत नाही.

बूट एक जोड पायात, एक जोड बॅगेत. बॅगेतले साधे. बर्फावर न घसरणारे, पाणी न शिरणारे बूट नोव्हेंबरमध्ये तिथेच घे. जाड मोजे घालून दुकानात जा आणि अर्धा नंबर मोठा घे.

प्रसाधनं जवळजवळ काहीच नको. शाम्पू, साबण, क्रीम, सॅनिटरी पॅड तिथे रास्त भावात मिळतात. पॅड एका पाळीपुरते ने. खोबरेल तेल न्यायचं तर रुंद तोंडाच्या डब्यात, कारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि तुझ्या खोलीत ते बहुधा पूर्ण हिवाळा घट्टच राहील. निमुळत्या बाटलीतून ते बाहेर येणार नाही.

औषधांबाबत मी मुलांपेक्षा पालकांशी जास्त बोलते. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधांच्या दुकानातच मिळते, किराण्यात नाही. रविवारी त्यातलं एखादंच दुकान आळीपाळीने उघडं असतं. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, आणि सर्दी-तापाला डॉक्टर बहुतेक वेळा आराम करा, गरम पाणी प्या म्हणून परत पाठवतात. ताप, सर्दी, जुलाब, पित्त यांच्या तुझ्या नेहमीच्या गोळ्यांची एकेक-दोनदोन पाकिटं ने. सगळ्या मूळ पाकिटात, सुट्या नकोत. थायरॉइड, दमा, त्वचारोग असं काही नियमित औषध चालू असेल तर तीन महिन्यांचं ने आणि सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी घे. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, म्हणजे पुढच्या तीन महिन्यांसाठी तिथला डॉक्टर तेच लिहून देऊ शकेल. झोपेच्या, मानसोपचाराच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर आधी दूतावासाच्या नियमांत बघ, त्यांना वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरची चिठ्ठी. तिथे चष्मा महाग पडतो आणि वेळही लागतो. दात आजच दाखवून ये.

विजेचं सोपं आहे. तिथेही आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. मोबाइलच्या दोन पिनांचा चार्जर बहुतेक वेळा तसाच बसतो, लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. दोन अ‍ॅडॉप्टर ने. एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड नेलास तर एकाच अ‍ॅडॉप्टरवर सगळं चार्ज होतं, पण त्यावर किटली किंवा हीटर कधी लावू नकोस. मिक्सर आणि इस्त्री राहू दे.

हातातल्या बॅगेत कागदपत्रं, लॅपटॉप, औषधांचा आठवडाभराचा साठा, एक कपड्यांचा जोड आणि आजीची गोधडी. पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, खोलीचा करार, गुणपत्रिका, फोटो, या सगळ्यांच्या छायाप्रती दुसऱ्या बॅगेत आणि स्कॅन ईमेलमध्ये. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच माग. शे-दीडशे युरो रोख ठेव, त्यात लहान नोटा असू देत. तिकडे रोखीचा वापर अजून बराच आहे.

एक गोष्ट बॅगेत दिसत नाही म्हणून राहून जाते: भारतातलं सिमकार्ड. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घे आणि नंबर बंद पडणार नाही असा रिचार्ज कर. तिथे गेल्यावर हे करणं फार अवघड जातं. दोन मुलांची फी याच कारणाने अडकली होती, आणि बापाला बँकेत तीन-तीन चकरा माराव्या लागल्या.

आता २३ किलोंचा हिशेब एकदा ओळीने सांगते. रिकामी बॅगच चार किलोंच्या आसपास असते, म्हणजे हातात १९ उरतात. कपडे ८, खाण्याचं सगळं आणि कुकर मिळून ४, बेडशीट-पांघरूण-टॉवेल दीड, बूट-स्लिपर दीड, औषधं आणि प्रसाधनं दीड, चिक्की आणि भेटी अर्धा, वायरी-डबा-किरकोळ १. बेरीज १८. उरलेला एक किलो मोकळा ठेव, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा कधी जुळत नाही. जादा बॅग घेऊ नका असं बाबांना माझ्यातर्फे सांग. पैशांचा प्रश्न नाही. फ्रँकफुर्टला रेल्वे पकडताना, ड्रेस्डेनला उतरून ट्राम पकडताना आणि वसतिगृहाचे जिने चढताना दोन्ही बॅगा तुला एकटीलाच उचलायच्या आहेत, तिथे हमाल नसतो. बॅग भरून झाली की ती आणि हातातली अशा दोन्ही घेऊन घराचे दोन मजले न थांबता चढून बघ. मध्ये टेकवावी लागली तर पुन्हा उघड आणि काय निघतं ते बघ.

वसतिगृहाचं उत्तर आलं की शेगडीचा प्रकार आणि चावीची वेळ मला कळव. कुकरचं तेव्हा ठरवू, आणि चावी सोमवारीच मिळणार असेल तर शनिवार-रविवारच्या दोन रात्रींसाठी स्टेशनजवळ राहायची सोय आधीच बघून ठेवू.